पाहुणा आला की व्होल्टेज वाढायचं

"मिस्त्री! ओ मिस्त्री! आधी बाहेर या तुम्ही! आग तुमच्या तारेले लागली हाय का तुमच्या हाताले, ते एकदा सांगून द्या मले!"

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत सायकलरिक्षा शिरली की समोरून येणारी गायसुद्धा मुकाट्याने उलट्या पावली मागे जाते. त्या दिवशी अशी एक रिक्षा माझ्या दुकानाच्या तोंडाशी आडवी लागली होती. रिक्षात गोणपाटात गुंडाळलेली मोटर, आणि मोटरीवर पाय ठेवून बसलेल्या यमुनाबाई. कामठीपासून त्या अशाच ओरडत आल्या असाव्यात, कारण रिक्षामागे रिकामटेकड्यांची चांगली मिरवणूक तयार झाली होती. आवाज असा की समोरच्या कासाराच्या दुकानातल्या बांगड्या आपोआप वाजल्या. डझनभर फुटल्या, असं कासार पुढे कित्येक वर्षं सांगायचा. मी म्हणतो, अर्धा डझन. उगाच वाढवून सांगण्याचा माझा स्वभाव नाही.

"जळली?" मी विचारलं.

"नाई! तुमची आठवण येऊन राहिली होती तिले, म्हणून भेटाले आणली!"

रिक्षामागे त्यांचे यजमान नथ्थूजी उभे होते. विणकर माणूस. बायको बोलत असताना आपण बोलायचं नसतं, एवढं शहाणपण लग्नातच शिकलेला. मी गोणपाट बाजूला करून मोटरीशी नाक नेलं. बघायची गरज नव्हती. जळलेल्या मोटरीला एक वास असतो. वॉर्निश, कागद आणि कापडी पट्टी एकत्र भाजली की येतो तो. उभा जन्म मी तो वास घेतला. शेवटी शेवटी मला घरच्या वरणालाही तोच वास यायचा. बायको म्हणायची, "फोडणी नाही जळली. तुम्हीच जळके आहात."

माझा धंदा मोटरी भरण्याचा. म्हणजे मोटरीच्या पोटात तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असतात, ती जळली की उकरून काढायची आणि नवी भरायची, मोजून, तेवढेच फेरे, त्याच दिशेने. काम असं की मान खाली घालून बसावं आणि वर पाहीपर्यंत केस पांढरे व्हावेत. उन्हाळ्यात तर विचारू नका. नागपुरात मे महिन्यात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते. घरोघरी कूलर लागतात, व्होल्टेज पडतं, कूलरच्या मोटरी जळतात आणि माझ्या दुकानासमोर त्यांचा असा ढीग लागतो की गल्लीतली पोरं त्यावर चढून पतंग उडवायची. प्रत्येक मोटरीबरोबर एक ओरडणारा माणूस येतो. मोटर भरता येते. माणसाचं काय करायचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुकान बंद करून आता बऱ्याच दिवाळ्या झाल्या, पण दारात कुणी मोठ्याने बोललं की अजून माझा हात आपोआप पेचकसाकडे जातो. थकवा हाडात राहतो, तो काही निवृत्त होत नाही.

यमुनाबाईंची ती मोटर मात्र साधी नव्हती. ती त्यांच्या घरात दुसऱ्यांदा जळली होती आणि दुसऱ्यांदा जळली ती माझ्या हातची भरलेली.

"मिस्त्री," आता त्या रिक्षातून उतरल्या आणि आवाज खाली आला. त्यांचा खालचा आवाज म्हणजे आपला वरचा. "बुढ्यानं, माझ्या सासऱ्यानं, सांगून टाकलं. आता एक डाव जळली का मशीन घराबाहेर. खड्ड्यावरचा हातमाग म्हणते अजून मोडला नाई, बसा त्याच्यावर. मी पुन्हा सुताच्या कांड्या भरत बसन, माझं काही नाई. पण ह्यांचे गुडघे पाहा! दाखवा हो त्याइले!"

नथ्थूजींनी भर गल्लीत धोतर वर केलं. गुडघे कसले, दोन कांद्याची गाठोडी. हातमागावरचा माणूस जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि दिवसभर पायाने पावड्या दाबतो. पावसाळ्यात खड्ड्याला ओल येते, हिवाळ्यात गारठा. नथ्थूजींनी कळायला लागल्यापासून तेच केलं होतं. डॉक्टरने त्यांना खड्ड्यात उतरायची मनाई केली, तेव्हा यमुनाबाईंनी सासऱ्याशी भांडून घरात दोन पॉवरलूम आणले. एक मोटर, वर एक दांडा, दांड्यावरून दोन पट्टे, पट्ट्यांवर दोन माग. सासरे डोमाजीबाबा. घर त्यांचं, शब्द त्यांचा. त्यांचं मत एकच, की विजेवर विणलेल्या कापडात जीव नसतो. आणि आता वीजच त्यांच्या बाजूने साक्ष देत होती.

"भरून देतो," मी म्हणालो. "आणि या वेळी स्वतः येऊन बसवतो."

"मागल्या डावाले बी तुम्हीच बसवली होती."

हे खरं होतं, म्हणून मी चहा मागवला.

आता थोडं शास्त्र सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. घाबरू नका, मला स्वतःला जेवढं कळतं तेवढंच सांगतो. आमची महालातली गल्ली डोळ्यांसमोर आणा. सणाची गर्दी आहे. मागून जो रेटा येतो, तो म्हणजे व्होल्टेज. गल्लीतून जेवढी माणसं पार होतात, तो करंट. आणि गल्लीची अरुंदी, मधले ओटे, आडवी बसलेली गाय, हा सगळा रेझिस्टन्स, म्हणजे अडथळा. रेट्याला माणसांनी भागलं की अडथळा किती ते कळतं. आणि रेट्याला माणसांनी गुणलं की त्या गल्लीत किती घाम निघतो ते कळतं, त्याला पॉवर म्हणतात. एक भागाकार आणि एक गुणाकार. एवढ्यावर मी संसार केला.

भागाकार न कळल्याने काय होतं त्याचा एक नमुना सांगतो. आमच्या जवळच एक उपाहारगृहवाले होते. त्यांच्या विजेच्या शेगडीची कॉइल तुटली. त्यांनी तुटलेला तुकडा फेकून दिला आणि उरलेली निम्मी कॉइल ताणून खिळ्याला बांधली. मग माझ्याकडे येऊन मिशीवर ताव.

"मिस्त्री, तुम्ही लोक लुटता गा! निम्मी कॉइल फालतूचीच देता. निम्म्यातच माझं दूध दुप्पट घाईनं उतून राहिलं!"

"काका, शेगडी बंद करा," मी म्हणालो. "पूर्ण कॉइलचा अडथळा होता सेहेचाळीस ओहम. दोनशे तीस व्होल्टला भागा, पाच अँपियर. दोनशे तीस गुणिले पाच, साडेअकराशे वॅट. निम्मी केली तर अडथळा तेवीस, करंट दहा, वॅट तेवीसशे. गल्ली अर्धी कापली तर गर्दी दुप्पट सुटणारच. तुमच्या घरातली तार तेवढ्याची नाही."

"तुम्हाले जळून राहिलं," काका म्हणाले आणि गेले. संध्याकाळच्या आत त्यांचं स्विचबोर्ड भिंतीवरून वितळून भज्यांच्या कढईत पडलं. भजी मात्र त्यांनी विकली, आणि गिऱ्हाईक म्हणालं, आज चव वेगळी हाय.

तर हा असा भागाकार. पण मोटरीला तो सरळ लावता येत नाही, आणि इथेच शिकाऊ मंडळी फसतात. मोटरीच्या वेटोळ्याचा अडथळा मीटरने मोजला तर दोन ओहम येतो. दोनशे तीसला दोनने भागा, एकशे पंधरा अँपियर! एवढ्यात पिठाची गिरणी चालेल. पण मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलटा रेटा देते, म्हणून प्रत्यक्षात सात-आठ अँपियर घेते. शेगडी आणि मोटर यांच्यात आणखी एक फरक आहे. शेगडीला व्होल्टेज कमी मिळालं तर ती गरीब बिचारी कमी तापते. मोटरीच्या गळ्यात मात्र काम बांधलेलं असतं. व्होल्टेज कमी पडलं तरी माग ओढायचाच, मग ती करंट जास्त ओढते, आतून तापते आणि एक दिवस धूर सोडून देते. आमच्या विदर्भातल्या पुष्कळ माणसांसारखी.

म्हणजे यमुनाबाईंच्या घरी व्होल्टेज कमी असणार, हे मला पहिल्या वेळीच वाटलं होतं. मी काही झोपा काढल्या नव्हत्या. पहिल्यांदा मोटर भरून कामठीला गेलो, मोटर बसवली, दोन्ही माग धडधडले. मग मी जरा पानठेल्यावर जाऊन आलो आणि मीटर घेऊन मोटरीच्या स्विचशी पोचलो. काटा दोनशे पंचवीसवर. राजेशाही व्होल्टेज! वीज कंपनीचा लाइनमन येऊन गेला होता, त्यालाही तेवढंच मिळालं. नथ्थूजींच्या साडूने कुणी ओळखीचा वायरमन आणला, त्यालाही तेवढंच. तिघांनी मोजलं, तिघांनी चहा घेतला, तिघांनी सांगितलं, व्होल्टेज उत्तम. आणि मोटर जळली ती जळलीच.

दुसऱ्यांदा भरताना मी त्या मोटरीत जीव ओतला. दोन हात वॉर्निश दिलं, उन्हात वाळवली, पुन्हा दिलं. माझ्या लग्नात मला एवढी हळद लागली नव्हती. कामठीला घेऊन गेलो, बसवली, स्विच दाबला. मोटर आधी नुसती हुंकारली, आढेवेढे घेतले, मग उठली. माग सुरू झाले. दोन पॉवरलूमचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला कसा सांगू? पत्र्याच्या शेडमध्ये दोन आगगाड्या भांडतात म्हणा. मी हात धुवायला परसात गेलो आणि मधल्या खोलीतून परत निघालो.

विणकराचं घर लांबोडकं असतं. पुढे ओसरी, तिथे मीटर. मग मधली खोली, तिला खिडकी नाही, म्हणून भर दुपारीही एक बल्ब लागलेला. मग परस आणि शेवटी मागांची शेड. मधल्या खोलीत भिंतीला लागून डोमाजीबाबांची खाट होती. बाबा पाठ भिंतीला टेकून बसले होते, पांढऱ्या मिशा, अंगात बंडी. समोरच खड्डा आणि त्यावर त्यांचा हातमाग, अर्धवट विणलेलं लुगडं तसंच ताणलेलं. मला पाहून त्यांनी टाळी वाजवली.

"अवो, मिस्त्री आले! बसा. नथ्थू! बंद कर ते!"

दोन आगगाड्या एकदम थांबल्या. कानात नुसती शिट्टी राहिली. त्याच क्षणी यमुनाबाई चहाची कपबशी घेऊन आल्या आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यावरचा बल्ब उजळला. आतापर्यंत तो पिकल्या संत्र्यासारखा लालसर लोंबत होता, तो एकदम पांढरा झाला. बाबांच्या मिशीचा एकेक केस मला मोजता येऊ लागला.

मी कप तोंडाशी नेऊन तसाच थांबलो.

"बाबा, हा दिवा आत्ता वाढला का हो?"

"वाढते," बाबा समाधानाने म्हणाले. "पाहुणा आला का आमच्या घरी उजेड वाढते. हे मशीन आल्यापासून पाहून राहिलो मी. एवढा एकच गुण त्या मशीनचा."

"नेहमी वाढतो?"

"जावई आले तवा वाढला. सोयरे आले तवा वाढला. लाइनमन आला तवा वाढला. माणसाचा पायगुण असते, मिस्त्री. तुमचा बी बरा हाय, मी समजून होतो तेवढा खराब नाई."

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. विणकराच्या घरची रीत अशी, की उंबऱ्यात माणूस आला की आडव्या सुताच्या धोट्यावरचा हात काढायचा. मग तो सोयरा असो की भिकारी. बाबांच्या बापाने ती पाळली, बाबांनी पाळली. हातमागाचं ठीक होतं, हात थांबला की माग थांबला. पॉवरलूम आले तरी रीत तीच ठेवली. मीटर घेऊन येणारा प्रत्येक जण त्यांचा पाहुणा. पाहुणा आला की माग बंद. बंद माग आम्हाला दिसत होते, पण मोजायची सोय म्हणून थांबवले असतील असं वाटायचं. माग बंद म्हणजे करंट बंद. आणि करंटच नसेल तर वाटेतला अडथळा दिसणार कसा? गल्लीत माणसंच नाहीत तर गल्ली अरुंद आहे हे कुणाला कळणार? आम्ही तिघंही शहाणे रिकाम्या गल्लीत उभं राहून सांगत होतो, वा, काय प्रशस्त रस्ता!

"बाबा," मी कप खाली ठेवला. "माग सुरू करायला सांगा. चालू मागावर मला व्होल्टेज मोजायचंय."

"चहा घ्या आधी."

"चहा मागून. आधी माग."

"पाहुणा बसला हाय अन् माग चालून राहिला, असं ह्या घरात झालं नाई." बाबांचा आवाज चढला नाही, पण खाटेवर ते सरळ झाले. "मी जिता असेपर्यंत होनार बी नाई."

"मग मोटर पुन्हा जळेल."

"जळू द्या. मंग मशीन जाईन. मी काय म्हणून राहिलो होतो मंग?"

नथ्थूजी दारात उभे. एकदा बापाकडे, एकदा माझ्याकडे, एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत. बोलणारी एकच व्यक्ती त्या घरात होती, आणि ती दोन पावलं पुढे आली. तिने माझ्या समोरचा भरलेला कप उचलला.

"उठा मिस्त्री."

"आँ?"

"उठा म्हणते नं! कोन पाहुणा? कोनाचा पाहुणा?" यमुनाबाईंनी चहा सरळ परसातल्या तुळशीपलीकडे ओतला. "मामाजी, हा माणूस पाहुणा नाई. दोन डाव मोटर जाळली यानं. ह्याले मी चहा बी देत नाई अन् बसाले बी देत नाई. हा मजुरीचा माणूस हाय. हो का नाई गा मिस्त्री?"

माझा एवढा अपमान त्याआधी फक्त सासरवाडीत झाला होता. पण बाई माझ्याकडे ज्या डोळ्यांनी पाहत होत्या, त्यात ओरडणं नव्हतं. मी उठलो.

"हो," मी म्हणालो. "मी मजूर आहे. मला चहा नको."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तोंड भिंतीकडे केलं.

"चालू करा हो!" यमुनाबाईंनी नवऱ्याला हाक दिली, आणि शेडमधल्या आगगाड्या पुन्हा भिडल्या. डोक्यावरचा बल्ब संत्र्यावर आला.

मी ओसरीवर पळालो, मीटरपाशी व्होल्टेज पाहिलं, दोनशे वीस. शेडमध्ये पळालो, मोटरीच्या स्विचशी पाहिलं, एकशे ऐंशी! टाँग टेस्टर, म्हणजे तारेला चिमट्यासारखं पकडून करंट सांगणारं यंत्र, ते लावलं. दहा अँपियर. कोळशाचा तुकडा घेऊन मी शेडच्या खांबावर मांडलं. दोनशे वीसमधून एकशे ऐंशी गेले, उरले चाळीस. हे चाळीस व्होल्ट ओसरी ते शेड या वाटेत कुठेतरी गळत होते. चाळीस भागिले दहा, अडथळा चार ओहम. एवढ्याशा घराच्या तारेत अर्धा ओहमही असायला नको. चाळीस गुणिले दहा, चारशे वॅट. (मोटरीच्या बाबतीत ही वजाबाकी काटेकोर नसते, पंडितांनी माफ करावं. मिस्त्रीला पुरेशी असते.) चारशे वॅट म्हणजे शंभराचे चार बल्ब माग चालू असेपर्यंत त्या घरात कुठेतरी जळत होते आणि ते कुणाला दिसत नव्हते.

आणि सुरू होताना तर कहर. मोटर उठताना तिप्पट करंट घेते, तीस म्हणा. तीस गुणिले चार, एकशे वीस व्होल्ट वाटेतच गायब. मोटरीच्या हाती उरणार शंभर. म्हणून ती हुंकारायची. म्हणजे प्रत्येक पाहुण्याला मोटर एकदा बंद व्हायची आणि तो गेला की शंभर व्होल्टवर उठायची. सोयरे जितके जास्त, तितकी मोटर भाजलेली. लग्नसराईत ती जळली यात नवल नव्हतं.

शोधायला मला मीटर लागलं नाही. मी तारेच्या वाटेने भिंतीवर हात फिरवत निघालो. मधल्या खोलीत, बाबांच्या खाटेच्या मागे, भिंत ताज्या भाकरीसारखी गरम.

"बाबा, इथे पाठ टेकता तुम्ही?"

"बरं वाटते पाठीले," बाबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले.

खाट सरकवली, गिलावा फोडला. आत काय होतं म्हणता? घरात पहिला दिवा आला त्या काळची तांब्याची बारीक तार, एका बल्बापुरती. तिलाच पुढे अॅल्युमिनियमची तार पिळून, फडकं गुंडाळून, शेडपर्यंत ओढलेली. तांबं आणि अॅल्युमिनियम पिळून एकत्र ठेवली की ती नणंद-भावजयींसारखी वरून एक दिसतात आणि आतून एकमेकींना खातात. सांधा हिरवा-पांढरा झालेला. असे सांधे एक सोडून तीन, आणि गिलाव्याच्या आतून भिंत काळीठिक्कर. आणखी काही दिवसांनी मोटर नव्हे, खाटेसकट बाबाच पेटले असते, आणि लोक म्हणाले असते, मशीनचा शाप.

ती तार मी तिथल्या तिथे कापली. ओसरीपासून शेडपर्यंत नवी जाड तार भिंतीच्या बाहेरून ओढली, मध्ये एकही सांधा नाही, आणि बल्बाला वेगळी तार दिली. उन्हं उतरायच्या आत माग सुरू केले. मोटर हुंकारली नाही, एका झटक्यात उठली. मोटरीशी व्होल्टेज दोनशे अठरा. मधल्या खोलीतला बल्ब, माग चालू असूनही, पांढरा.

यमुनाबाईंनी शेडच्या दारात उभं राहून बल्बाकडे पाहिलं, मागाकडे पाहिलं, मग नवऱ्याला स्टूल आणून दिलं. नथ्थूजी स्टुलावर बसले, पाय सरळ पुढे पसरून. बसल्या बसल्या माग राखता येतो, हे मी त्यांच्या तोंडावर पाहिलं.

निघताना मी माझी कामाची सूचना केली, जशी कुणालाही केली असती. "मोटर वारंवार बंद-चालू करू नका. सुरू होतानाच ती सगळ्यात जास्त तापते. एकदा लावली की चालू द्या."

"कोनी आलं तं?" नथ्थूजींनी विचारलं. त्या दिवसातलं ते त्यांचं पहिलंच वाक्य.

"आलं तरी," मी म्हणालो.

डोमाजीबाबांनी ऐकलं. ते उठून खड्ड्यापाशी गेले, आत उतरले आणि अर्धवट लुगड्यावर धोटा टाकू लागले. शेडच्या धडधडाटात त्या धोट्याचा आवाज काही ऐकू आला नाही. नुसता हात जाताना दिसायचा आणि येताना दिसायचा.

ती मोटर पुन्हा माझ्याकडे आली नाही. हुडकेश्वरापासून कामठीपर्यंत मी ही गोष्ट सांगत फिरलो, दर वेळी गळणारे वॅट थोडे वाढवून. एकदा तर मी चारशेचे चार हजार केले आणि कुणी हरकत घेतली नाही, तेव्हा मला कळलं की ऐकणाऱ्यांना गुणाकार येत नाही. धंद्यात एवढाच एक खटला मी पूर्ण जिंकलो, असं मला वाटायचं. बाकी सगळं आयुष्य मोटरी भरण्यात गेलं, ज्या पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळणारच होत्या.

काही वर्षांनी कामठीला एका लग्नाला गेलो होतो. मांडवातून वेळ काढून मुद्दाम त्या घरी गेलो. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला गेलो. गल्लीच्या तोंडापासूनच धडधडाट ऐकू येत होता. ओसरीवर कुणी नाही. मधल्या खोलीतला खड्डा बुजवून वर फरशी केली होती. डोमाजीबाबा गेल्याचं मला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. खाटेच्या जागी सुताच्या पेट्या. शेडमध्ये आता दोनाचे चार माग झाले होते. नथ्थूजी एका कडेला स्टुलावर, कानात कापसाचे बोळे घालून, डोळे मिटून बसले होते. झोपले होते की काय, सांगता येत नाही.

यमुनाबाई चौथ्या मागापाशी उभ्या होत्या. तुटलेला धागा शोधून गाठ मारत होत्या. वाळल्या होत्या. मी दारात उभा राहिलो. त्यांनी पाहिलं, ओळखलं, मानेने थोडं "या" केलं, आणि पुन्हा धागा धरला. माग थांबला नाही. बसायला जागाही नव्हती.

मी आपला मजुरीचा माणूस, चहाची अपेक्षा नव्हतीच. पण दोन आगगाड्यांच्या चार झालेल्या, त्यांच्या वरून मी छातीचा भाता करून ओरडलो, "बाई! मोटर कशी आहे?"

त्यांनी गाठीचं टोक दाताने तोडलं.

"चालून राहिली," त्या म्हणाल्या.